आमच्या पश्चात त्याचे काय?

आपल्या पत्रिकेचे विषय वाचकांना आता पाठ झाले असतील. मराठी शाळेतली घटती पटसंख्या, महापालिकेत मराठी माणसाला मिळणारी किंवा न मिळणारी तिकिटे, एखाद्या चौकाला द्यायचे नाव, गणपतीच्या मिरवणुकीचा मार्ग. या प्रत्येक विषयावर बडोद्यात शिष्टमंडळे गेली, निवेदने दिली गेली, फोटोही छापून आले. आज आम्ही ज्या विषयावर लिहीत आहोत त्यासाठी अजून कोणी निवेदन लिहिलेले नाही. तो विषय मंडळाच्या सभेत कधी निघत नाही. तो निघतो सभा संपल्यावर, खुर्च्या उचलल्या जात असताना. कोणी निवृत्त गुरुजी किंवा एखाद्या काकू कार्यकर्त्याला बाजूला घेतात आणि हलक्या आवाजात विचारतात, "आमच्या पश्चात त्याचे काय?"

हा "तो" म्हणजे त्यांचा पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा मुलगा. कधी "ती" असते, न लग्न झालेली किंवा लग्नानंतर वर्षभरात परत आणून सोडलेली मुलगी. कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असताना काहीतरी बिनसले. अभ्यास सुटला, झोप उडाली, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतात असे वाटू लागले, कानात आवाज येऊ लागले. आधी देवस्थाने झाली, अंगारे-धुपारे झाले, मग कोणीतरी डॉक्टरांचे नाव सुचवले आणि स्किझोफ्रेनिया हा शब्द घरात आला. किंवा बायपोलर, म्हणजे कधी महिनोन् महिने टोकाची उदासी आणि कधी टोकाचा उत्साह. त्याला आता पंचवीस वर्षे झाली. वडील गेले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी हातावर ठेवायची आणि ती गिळेपर्यंत समोर उभे राहायचे, हे काम ती पंचवीस वर्षे करते आहे. तिला स्वतःला मोतीबिंदू आहे.

अशी घरे किती? शासनाने २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेकडून राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण करून घेतले. बारा राज्यांत ते झाले आणि त्यांत गुजरात होता. त्या पाहणीप्रमाणे प्रौढ लोकांत दर हजारी सुमारे आठ जण त्या वेळी तीव्र मानसिक आजाराने पीडित होते. २०११ च्या जनगणनेत बडोदे शहराची वस्ती साडेसोळा लाखांच्या वर होती. त्यांत प्रौढ अकरा लाख धरले तरी एकट्या आपल्या शहरात हा आकडा नऊ हजारांच्या आसपास जातो. शहर त्यानंतर वाढलेच आहे. त्याच पाहणीत असेही दिसले की अशा चार रुग्णांपैकी जवळजवळ तिघांना उपचार मिळत नव्हते. ज्यांना मिळतात त्यांचेही बहुतेक सारे ओझे घरावरच असते.

आणि आपली घरे बदलली आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांत आपल्या पूर्वजांचे वाडे होते तेव्हा एका छपराखाली पंधरा-वीस माणसे राहत. त्यांत एखादे "जरा वेगळे" काका असत. ते दिवसभर ओट्यावर बसत, कोणाशी फारसे बोलत नसत, पण जेवायच्या वेळी त्यांचेही पान मांडले जाई. त्या काळाचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्याच वाड्यांच्या मागच्या खोल्यांना बाहेरून कड्याही होत्या आणि त्या आड काय चालले हे कोणी विचारत नसे. परंतु सांभाळायला माणसे होती एवढे खरे. आज वाड्याच्या जागी फ्लॅट आले. धाकटा मुलगा पुण्यात, मोठी सून-मुलगा न्यू जर्सीला. फ्लॅटमध्ये राहिली आई आणि तिचा तो. पुण्याचा भाऊ वाईट नाही, पैसे पाठवतो. पण त्याचेही दोन खोल्यांचे घर आहे, दोन मुले आहेत, आणि बायकोने नाही म्हटले तर तिला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

सरकारने काहीच केलेले नाही असे आम्ही म्हणणार नाही. कारेलीबागेतले मानसिक रोगांचे सरकारी रुग्णालय १८९८ पासूनचे, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीतले. अहमदाबाद, जामनगर आणि भुज येथील रुग्णालये मिळून राज्यात अशी चार आहेत. सयाजी हॉस्पिटलमध्येही मानसोपचाराचा विभाग आहे. रोग उफाळून आला, रुग्ण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला, तर रुग्णालय लागतेच आणि त्याला पर्याय नाही. परंतु हिशेब असा आहे की पंचवीस वर्षांच्या आजारात, म्हणजे तीनशे महिन्यांत, रुग्णालयात काढलेले महिने पाच-दहा असतील. उरलेले दोनशे नव्वद महिने माणूस घरात, गल्लीत, आपल्यात असतो. त्या महिन्यांसाठी सार्वजनिक व्यवस्था कोणती? आमचे म्हणणे या एका प्रश्नाभोवतीच आहे.

व्यवस्था म्हणजे काय हे स्पष्ट केले पाहिजे, नाहीतर निवेदनात "योग्य ती सोय करावी" असे मोघम वाक्य पडते आणि त्यावर "योग्य ती कार्यवाही केली जाईल" असे मोघम उत्तर येते. पहिली गोष्ट औषधाची. हे आजार मधुमेहासारखे आहेत, औषध थांबले की बहुतेकांचे दुखणे परत येते. ज्यांना रोजची गोळी घेणे जमत नाही त्यांच्यासाठी पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने घ्यायचे इंजेक्शन असते. ते वॉर्डातल्या अर्बन हेल्थ सेंटरवर प्रशिक्षित नर्सला देता येते. त्यासाठी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने मोठ्या मुलाला रिक्षात बसवून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायची गरज नाही. लिथियम घेणाऱ्याचे रक्त ठरावीक मुदतीने तपासावे लागते, ती तपासणीही वॉर्डातच झाली पाहिजे. दुसरी गोष्ट, महिन्यातून एकदा दार वाजवणारे कोणीतरी. गोळ्या चालू आहेत का, झोप कशी आहे, आई कशी आहे, एवढे पाहणारे. रोग परत येताना आधी चाहूल देतो. माणूस रात्री येरझाऱ्या घालू लागतो, आंघोळ सोडतो. त्या आठवड्यात कोणी लक्ष घातले तर पुढचे अनेकदा टळते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. रात्री दोन वाजता त्याने दार आतून लावून घेतले आहे, भांडी फेकतो आहे. छातीत दुखत असते तर एका फोनवर गाडी आली असती. येथे आई कोणाला फोन करते? शेजाऱ्यांना करत नाही, कारण उद्या सोसायटीची मीटिंग बोलावली जाईल. पोलिसांना करायला तिचे मन होत नाही. शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा सुरू केली, ती चांगली गोष्ट आहे आणि वाचकांनी हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. पण फोनवरचा आवाज दार उघडू शकत नाही. घरी येऊ शकेल असे पथक लागते.

चौथी गोष्ट, दिवसा जायला एक जागा. चार तास का होईना, जेथे तो जाईल, काही काम करील, चार माणसांत जेवील, आणि आईला तेवढ्या वेळात बँकेत जाता येईल किंवा निवांत झोपता येईल. आणि पाचवी, राहायला घर. इस्पितळ नको आणि आश्रमही नको, साध्या वस्तीतले साधे घर, जेथे चार-पाच जण राहतात आणि एक-दोन मदतनीस असतात.

हे सारे आम्ही स्वप्नातले मागत नाही, कायद्यातले मागतो आहोत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संसदेत संमत झाला आणि २०१८ पासून अंमलात आहे. त्याचे अठरावे कलम प्रत्येक नागरिकाला सरकारी किंवा सरकारी पैशाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देते. अशा सेवांत काय काय मोडते त्याची यादीही तेथेच आहे: बाह्यरुग्ण व आंतररुग्ण उपचार, इस्पितळ आणि घर यांच्या मधली निवासगृहे, आधारासह राहण्याची घरे, कुटुंबाला मदत, घरी येऊन पुनर्वसन. रुग्णांना सेवेसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, असेही त्या कलमात म्हटले आहे. एकोणिसावे कलम सांगते की घरचे नाहीत, घरचे घेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, आणि ती बाहेरची सोय वाजवी मुदतीत उभी करणे किंवा तिला साहाय्य देणे सरकारवर बंधनकारक आहे. एकतिसाव्या कलमात तर सरकारने स्वतःला मुदत घालून घेतली आहे. लोकसंख्येच्या मानाने पुरेसे मानसोपचार तज्ज्ञ आणि कर्मचारी असावेत यासाठी कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षे. ती दहा वर्षे २०२८ मध्ये पुरी होतात.

हा कायदा घडवण्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या मंडळींचा मोठा वाटा होता हे येथे नमूद करण्यात आम्हांला आनंद वाटतो. मात्र महाराष्ट्राचे नाव घेताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याचा प्रकार तेथे चालला होता, तो थांबवा असे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाला सांगावे लागले. कायदा पुण्यात लिहिला गेला म्हणून तो महाराष्ट्रात पाळला जातो असे समजण्याचे कारण नाही. गुजरातेतही तो मागितल्याशिवाय मिळणार नाही.

काही पालकांची या कायद्यावर नाराजी आहे, तीही नोंदवली पाहिजे. पूर्वी घरच्यांनी आणून सोडले की रुग्ण भरती होई. आता त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवायचे तर अटी आहेत, तपासण्या आहेत, तीस दिवसांची मर्यादा आहे आणि पुढे ठेवायचे झाल्यास पुन्हा निर्णय लागतो. "त्याचे हक्क आहेत, आणि आमचे?" असे एका मातोश्रींनी विचारले. त्यांचा राग आम्हांला समजतो. तरीही जुनी पद्धत परत यावी असे आम्हांला वाटत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे एका झोपडीवजा खासगी आश्रमाला आग लागली आणि २८ जण जळून मेले. ते पळू शकले नाहीत कारण त्यांना साखळीने बांधले होते. त्यांना तेथे आणून ठेवणारे घरचेच लोक होते, आणि ते सगळे निर्दय नव्हते. त्यांच्या गावात दुसरे काही नव्हते. मातोश्रींच्या रागावर उतारा म्हणजे कायद्याचे उरलेले अर्धे अंग, घरापर्यंत येणारी सेवा. ती नाही म्हणून हक्क तेवढे बोचतात.

उलट टोकाची चूक अमेरिकेने करून दाखवली आहे. १९६३ साली तेथे राष्ट्राध्यक्ष केनेडींनी कायद्यावर सही केली की मोठी वेड्यांची इस्पितळे रिकामी करून गावोगाव मानसिक आरोग्य केंद्रे काढायची. इस्पितळे रिकामी झाली. केंद्रे योजनेपेक्षा पुष्कळ कमी निघाली. त्यांतले कितीतरी लोक पुढे रस्त्यावर आणि तुरुंगांत सापडले. तेव्हा कारेलीबागेतल्या खाटा कमी करा अशी आमची मागणी नाही. आधी वॉर्डात सेवा उभी राहू द्या, खाटांचे नंतर बघता येईल.

घरापर्यंत सेवा नेणे ही कल्पना बडोद्याला नवी आहे काय? महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला. शाळा काढली आहे, ज्याला यायचे तो येईल, असे म्हणून ते थांबले नाहीत. ग्रंथालयांचेही तसेच. १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालय निघाले, आणि ज्या गावात वाचनालय नाही तेथे पुस्तकांच्या पेट्या भरून पाठवण्याची योजना झाली. पेटी जाई, गाव वाची, पेटी परत येऊन दुसरी जाई. वाचकाने बडोद्याला यावे अशी अपेक्षा नव्हती. शंभरावर वर्षांपूर्वी या राज्याने पुस्तके खेड्यात पोचवली, तर त्याच शहरात महिन्याचे इंजेक्शन कारेलीबागेतून दांडिया बाजारापर्यंत पोचवणे अशक्य कसे?

आणि त्याच जुन्या बडोदे संस्थानातल्या मेहसाणा जिल्ह्यात आज काय चालते ते पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्याच मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यात "आत्मीयता" नावाचा प्रयोग केला आणि २०१७ पासून तो मेहसाण्यात मोठ्या प्रमाणावर आणला. गावातलीच माणसे, बहुतेक साध्या शिक्षणाची, त्यांना प्रशिक्षण द्यायचे. त्यांनी गावात कोण खचले आहे ते ओळखायचे, त्याच्याशी बोलायचे, सरकारी योजनांचे कागद करून द्यायचे आणि आजार तीव्र दिसला तर डॉक्टरांकडे पोचवायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मानसिक आरोग्याच्या लोकवस्तीतल्या सेवांविषयी मार्गदर्शिका काढली. त्यात जगभरातून निवडलेल्या उदाहरणांत गुजरातची आत्मीयता आहे. आत्मीयतेचे मुख्य काम साध्या मानसिक त्रासाचे आहे, स्किझोफ्रेनियाचे नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण पहिला दुवा कसा जोडायचा हे त्यातून दिसते. याच जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातारचा दर्गा आहे. बाधा उतरवून घ्यायला तेथे सर्व धर्मांची माणसे येतात. २००८ पासून त्या दर्ग्याच्या आवारात "दवा आणि दुवा" या नावाने मानसोपचाराचा दवाखाना चालला. मुजावर स्वतः माणसे डॉक्टरांकडे पाठवू लागले. देवाचे देवाला आणि गोळीचे गोळीला.

स्किझोफ्रेनियाविषयी स्वतंत्र पुरावाही आहे. गोवा, सातारा आणि तमिळनाडू अशा तीन ठिकाणी एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीत एकूण २८२ रुग्ण होते. काहींना नेहमीचे दवाखान्यातले उपचार, आणि बाकीच्यांना त्याबरोबरच वर्षभर घरी येणारा प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ता. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. वर्षाअखेरीस ज्यांच्या घरी कार्यकर्ता जात होता त्यांची लक्षणे आणि त्यांचे परावलंबन दुसऱ्या गटापेक्षा थोडे अधिक कमी झाले होते. फरक फार मोठा नव्हता आणि तमिळनाडूच्या ग्रामीण भागात तो अधिक दिसला. आम्ही तो फुगवून सांगत नाही. पण ज्या आजारात पंचवीस वर्षे काहीच हलत नाही असे घरच्यांना वाटते, तेथे थोडे हलणेही कमी नाही.

राहण्याच्या घरांसाठी चेन्नईच्या "बनियन" संस्थेचे उदाहरण आहे. वर्षानुवर्षे इस्पितळात पडून असलेल्या स्त्रियांना त्यांनी साध्या वस्तीत भाड्याच्या घरांत चार-चार, पाच-पाच अशा ठेवल्या. त्या बाजारहाट करतात, सण करतात, भांडतात, रुसतात. हाही प्रयोग आरोग्य संघटनेच्या त्या मार्गदर्शिकेत आहे. अशी घरे चालवायला शासनाने पैसे द्यावेत, आणि चालवायला एखादी चांगली संस्था असावी, हे आम्हांला सर्वांत व्यवहार्य वाटते.

येथे आपल्यातल्याच काही मंडळींशी आमचा मतभेद आहे. त्यांचे म्हणणे, सरकारच्या मागे कशाला लागायचे? आपण देणग्या जमवू, हालोल रोडला जागा घेऊ, मराठी रुग्णांसाठी आपला एक आश्रम काढू. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही आणि देणग्या जमतीलही. उद्घाटनाला पाहुणे येतील. पण दहा वर्षांनी काय? रात्रपाळीचा पगार कोण देणार, डॉक्टर कोण आणणार, मूळ विश्वस्त गेल्यावर कोण बघणार? तीस खाटांनी तीस घरे सुटतील. शहरातली नऊ हजार घरे तशीच राहतील आणि त्यांत मराठी घरेही असतील. शिवाय गावाबाहेर कुंपण घालून तीस जणांना ठेवणे म्हणजे लहान कारेलीबागच झाले, फक्त फलक मराठीत. आपण कर भरतो, मते देतो. शिक्षण आणि पाणी सरकारकडून मागतो, मग हेच दानातून का?

दानाची जागा वेगळी आहे. पुण्यात १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. तिने रुग्णांच्या नातेवाइकांना एकत्र बसवले. त्याच धडपडीतून २००४ मध्ये "देवराई" हा चित्रपट आला, तो आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. नातेवाइकांचा असा गट चालवायला जमीन लागत नाही. एक खोली, चहा, आणि येथे बोललेले बाहेर जाणार नाही अशी खात्री लागते. ते आपले मंडळ करू शकते आणि केले पाहिजे.

आता थोडे राजकारणाचे. महापालिकेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीत आपल्याकडे मते मागायला येणाऱ्यांना मराठी समाजाची एक ठरावीक यादी माहीत आहे, आणि तिला द्यायची उत्तरेही त्यांच्यापाशी तयार असतात. यापुढे त्या यादीत हे असावे. वॉर्डातल्या अर्बन हेल्थ सेंटरवर आठवड्यातून एक दिवस मानसोपचाराचा दवाखाना भरतो का? इंजेक्शन तेथे मिळते का? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली देशात चार जिल्ह्यांत सुरू झाला आणि आता सातशेहून अधिक जिल्ह्यांना मंजूर आहे. त्याच्या पथकात आपल्या जिल्ह्यात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, हे आकडे जाहीर करा. शहरासाठी घरी जाणारे एक पथक आणि एक दिवसाचे केंद्र, यांची तरतूद अंदाजपत्रकात कोणत्या साली दाखवणार ते लेखी सांगा. उमेदवार मराठी आहे की गुजराती, याने या प्रश्नांत काडीचा फरक पडत नाही. खरे तर या मागणीत गुजराती, सिंधी, मुसलमान सारे शेजारी आपल्याबरोबर येतील. "मराठी समाजाची मागणी" म्हणून तिचे वजन जेवढे, त्याहून ती आपण सर्वांसाठी केली म्हणून अधिक होईल.

सरकार हलेपर्यंत घरांनी काही कागद करून ठेवावेत. आपल्यात रेल्वेतून आणि केंद्र सरकारी खात्यांतून निवृत्त झालेले पुष्कळ आहेत. मानसिक आजारामुळे स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आई-वडिलांच्या पश्चात जन्मभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. उत्पन्नाची मर्यादा आहे, ती २०२१ मध्ये सैल झाली. आपण हयात असतानाच त्याचे नाव पेन्शनच्या कागदावर चढवून घ्या, मागे राहिलेल्या आजारी माणसाला ते एकट्याने जमत नाही. राज्य सरकारी निवृत्तांनी आपल्या खात्यात नियम विचारावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हे अपंगत्व मानले आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढून ठेवा. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर सवलती लागू होतात. प्रमाणपत्राने मुलाला शिक्का बसतो अशी भीती अनेकांना वाटते. शिक्का गल्लीत कधीच बसलेला असतो, प्रमाणपत्राने निदान त्याचा उपयोग होतो.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा, ज्याखाली मतिमंद किंवा ऑटिझम असलेल्या मुलांना कायदेशीर पालक नेमता येतो, तो मानसिक आजाराला लागू नाही. मानसिक आरोग्य कायद्याखाली रुग्ण स्वतः साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो. तो भाऊ, पुतण्या, मित्र कोणीही सज्ञान माणूस असेल. पण त्याचा अधिकार उपचारांपुरता, पैशाअडक्याचा नाही. म्हणून फ्लॅट सरळ आजारी मुलाच्या नावावर लिहून देण्यापूर्वी वकिलाला विचारा. १८८२ च्या न्यास कायद्याखाली खासगी ट्रस्ट करून त्याच्या खर्चाची सोय लावणे अनेकदा अधिक सुरक्षित असते. भावाभावांत फ्लॅटवरून जे होते ते आपण जाणतोच. त्यात आजारी भावाची सही कोणीतरी कोऱ्या कागदावर घेऊन गेलेला असतो.

आणि वधूवर सूचक मंडळाचे काय, असे वाचक मनात म्हणत असतील. आजार लपवून लग्न लावायचे, "लग्न झाले की सुधारेल" म्हणायचे, आणि मग मुलगी परत पाठवायची किंवा तिने आयुष्यभर नर्स व्हायचे. आमचे मत सरळ आहे. लपवू नये. बऱ्या चाललेल्या, औषध नियमित घेणाऱ्या माणसाचे लग्न होऊ शकते आणि टिकूही शकते, पण समोरच्याला सगळे माहीत असले तर. त्यावर स्वतंत्र अंक काढावा लागेल, येथे एवढेच.

आरोग्य खात्याला आणि महापालिकेला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. तो मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांत आहे. सही करणाऱ्याने आपल्या घरात रुग्ण आहे की नाही हे लिहायचे नाही, तो रकानाच ठेवलेला नाही. ज्यांच्या घरी कोणी आजारी नाही त्यांनी आधी याव्यात आणि रांग करावी, म्हणजे बाकीच्यांना त्या रांगेत कोणाच्या लक्षात न येता उभे राहता येईल.